फिरणारी तार: तेरणेकाठच्या कुंभारवाड्यात घरी घडवलेल्या हत्यारांचा प्रकरण अभ्यास

धाराशिव जिल्ह्यात तेरच्या परिसरात, तेरणा नदीच्या काठी असलेल्या एका गावातलं हे प्रकरण आहे. तिथल्या कुंभारवाड्यात आता मोजकीच घरं मातीत हात घालतात. त्यातल्या एका घरातल्या सूनबाई, यापुढे त्यांना ताई म्हणतो, पोळ्याचे बैल सासूबाईंकडून शिकल्या आणि मग स्वतःच्या जिद्दीनं शाडूच्या गणपतीकडे वळल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित सूचना काढल्या, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसऐवजी मातीच्या मूर्तींचा आग्रह होता. त्यानंतर ‘मातीचाच गणपती पाहिजे’ म्हणणारी गिऱ्हाइकं धाराशिव आणि लातूरहून त्यांचा पत्ता विचारत यायला लागली. बैल बोटांनी आणि काडीने होतो. गणपतीचे डोळे, सोंडेची वळी, मुकुटाची किनार मात्र बोटांनी होत नाही. म्हणून ताईंनी मूर्तिकामाच्या हत्यारांचा एक तयार संच ऑनलाइन मागवला. तो एक हंगामसुद्धा पुरला नाही.

मी जवळच्या माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. ताईंचा मुलगा माझ्या वर्गात आहे, त्यामुळे तो मोडका संच माझ्यापर्यंत आला. या लेखात त्या संचाचं काय बिघडलं, त्याच्या जागी घरातल्या आणि गावातल्या वस्तूंमधून काय घडवलं आणि पुढच्या हंगामात त्यातलं काय टिकलं, ते सविस्तर मांडतो. घरी मातीकाम करणाऱ्या कुणालाही याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

संच का मोडला

मी घरी गेलो तेव्हा ताईंनी पहिलं वाक्य टाकलं, “सर, तार गरगर फिरायलीय. माती निघायची सोडून तारच वळायली.” सगळं दुखणं त्या एका वाक्यात होतं. तारेच्या कोरण्यांची, म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाला तारेचा फासा असतो त्या हत्यारांची, तार दांड्यात सैल झाली होती. दांड्याच्या टोकावरच्या पितळी टोप्या निघून आल्या होत्या. दोन बारीक फासे उघडून सरळ झाले होते. लाकडी चपट्या हत्यारांचं पॉलिश उडून कडा कुसासारख्या खरखरीत झाल्या होत्या.

दोष शोधायला आम्ही दोन्ही मात्या, बैलांची घरची काळी माती आणि गणपतीची शाडू, समोर ठेवून ताईंना नेहमीसारखं काम करायला सांगितलं. मोडकं हत्यार बघून फारसं कळत नाही, ते चालवताना बघितलं की कळतं. तारेचा फासा सरळ ओढला तर दोन्ही बाजूंवर सारखा भार येतो आणि तार जागची हलत नाही. पण सोंडेच्या वळणावर फाशाची एकच बाजू मातीत रुतते, दुसरी हवेत राहते. तिथे तारेला पीळ बसतो. या संचात गोल छिद्रात गोल तार नुसती चिकटवलेली होती, म्हणजे पिळाला अडवणारं काहीच नव्हतं. त्यात भर पाण्याची. ओल्या मातीत दांडा फुगतो, रात्री वाळून आकसतो. रोजच्या या फुगण्या-आकसण्याने छिद्र ढिलं होतं आणि चिकटवणी सुटते. टोपी निघाली ती याच कारणाने.

फासे उघडण्याचं कारण मात्र घरच्या मातीत होतं. ताईंचे सासरे तलावातला गाळ आणतात, चाळतात, त्यात राख आणि गाढवाची लीद मिसळतात. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे शेतात उन्हाळ्यात सगळे बघतोच. ती चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट जातीची असते, तिचा तो स्वभावच आहे. राख आणि लिदेतलं तूस त्या आकसण्याला आवर घालतात. म्हणून कुंभार ते मिसळतो, आणि त्याचं बरोबरच आहे. पण तेच तूस बारीक तारेवर अडकून गुंडाळतं. चाळणीतून सुटलेला चुनखडीचा खडा मध्ये आला की तार खड्याला अडते, हात पुढे जातो आणि फासा ताणला जातो. शाडूत यातलं काहीच नसतं. शाडू मऊ, बारीक, चिकट. तिला पातळ आणि स्वच्छ धार लागते. जाड तार तिच्यात शिरण्याऐवजी ती दाबून ढकलते.

पोळा श्रावणातल्या अमावास्येला आणि गणेश चतुर्थी तिथून चौथ्या दिवशी. त्यामुळे श्रावणभर एकाच पाटावर एकीकडे बैल, एकीकडे गणपती, आणि दोन्हींना तीच कोरणी. आमच्या मते संच मोडण्याचं मूळ इथे होतं. तो संच वाईट होता असं मी म्हणणार नाही. शाळेतल्या प्लॅस्टिसिनवर, म्हणजे मुलांच्या न वाळणाऱ्या मऊ मातीवर, तो वर्षानुवर्षं चालला असता. तो या मातीसाठी नव्हता.

आधी कामं लिहिली

“कोणती हत्यारं पाहिजेत?” असं विचारलं की माणूस दुकानातला संच आठवतो. म्हणून आम्ही ताईंना तसं विचारलं नाही. मुलाला वही घेऊन शेजारी बसवलं आणि आई हाताने काय करते ते क्रियापदांत लिहायला सांगितलं. कापते. उपसते. खरवडते. रेघ ओढते. दाबते. घोटते. उठाव काढते. शेवटी यादी एवढीच झाली. मग प्रत्येक क्रियेपुढे मातीची अवस्था लिहिली: ओली, आंबटओली की कोरडी. आंबटओली म्हणजे बोट दाबलं तर ठसा उमटतो पण बोटाला माती लागत नाही, ती वेळ. कोरीव कामाचा बराचसा भाग याच अवस्थेत होतो आणि पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस टिकते, हा श्रावणातल्या कामाचा एक फायदा.

ही वही फार मोलाची ठरली. संचातल्या कित्येक हत्यारांपुढे एकही क्रियापद येईना. उलट ‘उठाव काढते’, म्हणजे दागिन्यांची नक्षी वर उठून दिसेल अशी काढते, यापुढे लिहायला संचात एकही हत्यार नव्हतं आणि ताईंचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जात होता.

तारेची कोरणी, दोन प्रकारची

काळ्या मातीच्या कोरणीसाठी सायकलच्या दुकानातून चाकाच्या जुन्या आऱ्या (स्पोक) आणल्या. सायकलची आरी साधारण 2 मिलिमीटर जाडीची, ताठ पोलादी तार असते. दुकानदार त्या भंगारात टाकतो. गंजून खड्डे पडलेली आरी घेऊ नये, वाकवताना ती त्याच जागी तुटते. बऱ्याच आऱ्यांवर जस्ताचा मुलामा असतो, म्हणून त्या विस्तवात घालायच्या नाहीत. जस्ताचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो. सगळं काम थंडच करायचं.

साधारण 18 सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याचा मधला चार बोटं भाग ऐरणीवर ठोकून चपटा केला. ऐरण घरी नसली तर रुळाचा तुकडा किंवा मोठ्या हातोड्याचं डोकं चालतं. आमच्या नशिबाने गावाबाहेर घिसाड्यांचं, म्हणजे फिरत्या लोहारांचं, एक पाल उतरलं होतं, त्यांच्याकडे हे काम चटकन झालं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराला मी विचारलं, याला पाणी द्यावं का, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करावं का? त्यांनी मान हलवली. खुरप्याला पाणी देतात, कारण त्याला दगडगोट्याशी झुंजायचं असतं. मातीला एवढं पोलाद नको, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. ठोकण्यानेच तार पुरेशी कडक होते, आणि धार गेली तर कानशीने दोन हात मारले की परत येते.

पुढचा मुद्दा अनेकांचा चुकतो. चपटी केलेली पट्टी तिच्या चपट्या अंगानेच वाकवायची, म्हणजे ती सहज वळते, आणि फासा तयार झाला की पट्टीच्या दोन्ही कडा पुढे-मागे येतात. कापणारी धार ही कड असते. पट्टी उलट्या अंगाने वाकवली तर वाकवायलाही जड जाते आणि मातीत तिची रुंद बाजू आडवी येते, माती निघत नाही, लिंपली जाते. वाकवण्यासाठी लाकडात ठोकलेल्या जाड खिळ्याभोवती पक्कडीने हळूहळू वळवावं. त्रिकोणी फासा हवा असेल तर कोपरे अगदी टोकदार करू नयेत, ठोकलेली तार कोपऱ्यात चिरते. मग एकाच कडेला, बाहेरच्या अंगाने, कानशीने उतार द्यायचा.

शाडूच्या कोरणीला ही तार जाड पडते. तिथे जिनिंगमध्ये कापसाच्या गाठीला बांधतात ती लोखंडी पट्टी कामाला आली. ती पातळ असते, तरी लवचीक असते. पत्रा कापायच्या कात्रीने तिची 4 ते 5 मिलिमीटर रुंद चिरफळी काढली, कडेचा काटा कानशीने घासला आणि तसाच फासा वळवला. ताईंच्या मुलाने छत्रीची काडी आणली होती, पण ती पन्हळीसारखी पोकळ असल्याने वाकवताना दबली. तिचा सरळ तुकडा मात्र डोळ्याच्या पापणीची रेघ ओढायला फार नेमका निघाला, म्हणून ठेवून दिला.

आता जोड. माझ्या मते कोरणीतलं खरं काम हेच, कारण आधीचा संच इथेच हरला होता.

दांड्यासाठी पेरूची फांदी घेतली. पेरूचं लाकूड बारीक रेषेचं आणि चिवट असतं, हाताला गुळगुळीत लागतं. करंगळीएवढी जाड, 15 सेंटिमीटर लांब, साल काढलेली आणि सावलीत पूर्ण वाळलेली. ओली फांदी वापरली तर ती मागाहून आकसते आणि कितीही घट्ट बांधलेलं सैल होतं. तुराटी हलकी म्हणून मोह होतो, पण आत भेंड असल्याने ती तारेचा जोर धरत नाही.

दांड्याच्या टोकापासून मागे 3 सेंटिमीटरपर्यंत, समोरासमोरच्या दोन बाजूंना, हॅक्सॉच्या पात्याने उथळ चर पाडले. तारेची निम्मी जाडी चरात बसावी इतकेच. एका चराच्या शेवटी 2 मिलिमीटरचं छिद्र, दुसऱ्या चरात छिद्र एक सेंटिमीटर अलीकडे. दोन्ही छिद्रं एकाच पातळीवर घेतली तर लाकूड तिथे चिरतं. तारेची दोन्ही टोकं अर्धा सेंटिमीटर काटकोनात वाकवून त्या छिद्रांत अडकवली, मधली तार चरात दाबून बसवली. आता फाशाला कितीही पीळ पडला तरी तार फिरू शकत नाही: चर तिला बाजूला सरकू देत नाही आणि छिद्रातला आकडा तिला पुढे निघू देत नाही. गोंद लावायच्या आधीच हा जोड हाताने ओढून बघावा. तेव्हा हलला तर गोंदाने तो वाचणार नाही.

वरून गुंडाळणी तांब्याच्या तारेची. आपल्याकडे विजेच्या कमी-जास्त दाबाने विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्यामुळे प्रत्येक बाजारपेठेत मोटार रिवाइंडिंगची दुकानं आहेत. जळालेल्या वाइंडिंगची तार घेऊ नये, तिच्यावरची लाख गेलेली असते आणि ती पाण्यात लगेच हिरवी पडते. नव्या वाइंडिंगमधून उरलेली, अर्ध्या मिलिमीटरची कापणं मागावीत. त्या तारेचा एक लांब आकडा करून दांड्यावर आडवा झोपवायचा, त्याचं वळण मागच्या बाजूला आणि दोन्ही पाय फाशाकडे. फाशाकडून सुरुवात करून त्या आकड्यावरूनच वेढ्याला वेढा लावत मागे यायचं. चर आणि छिद्रं झाकली गेली की उरलेलं टोक आकड्याच्या वळणातून ओवायचं आणि फाशाकडून बाहेर आलेले पाय पक्कडीने ओढायचे. टोक वेढ्यांखाली ओढलं जातं आणि गाठ न मारता बांधणी पक्की होते. उरलेली तार कापून वरून अरल्डाइटचा पातळ हात फिरवला. रात्रभर त्याला पाणी लावायचं नाही.

ताईंनी पहिली कोरणी माझ्यासमोर बांधली. पुढच्या मी नसताना बांधल्या आणि त्यांची बांधणी माझ्यापेक्षा सुबक होती. केरसुण्या बांधणारा हात तो.

बाकीची, भराभर

खरवडायला हॅक्सॉचं पातं. पातं फडक्यात गुंडाळून पक्कडीत धरून तोडायचं, डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण पूर्ण कडक पातं काचेसारखं उडतं. लवचीक प्रकारचं पातं तुटत नाही, वाकतं. ते कात्रीने किंवा ग्राइंडरने कापावं. दातेरी बाजू आंबटओल्या मातीवर आधी एका दिशेने, मग तिला छेद देत दुसऱ्या दिशेने फिरवली की उंचवटे आपोआप खाली येतात आणि खड्डे उरतात, ते नजरेला लगेच दिसतात. पोटाची गोलाई सारखी करायला याच्यापेक्षा चांगलं हत्यार मला ठाऊक नाही. दुसरी बाजू दगडावर घासून सरळ केली की तीच गुळगुळीत खरवडणी.

गोल घोटायला नारळाच्या करवंटीचे तुकडे. घरात पूजेचे नारळ फुटतातच. वेगवेगळ्या गोलाईचे तुकडे कापून कडा ओल्या दगडावर घासल्या. शेवटच्या हातासाठी जुन्या एक्स-रे फिल्मचा पानाएवढा तुकडा. तो वाकतो आणि शाडूवर ओरखडा ठेवत नाही. कापायला सुताऐवजी मोटारसायकलच्या क्लच केबलमधली एक बारीक तार, दोन्ही टोकांना लाकडी कांड्या. रेघेला गोणपाट शिवायचं दाभण, त्याला पेरूचाच दांडा.

लाकडी चपटी हत्यारं बांबूच्या कामट्यांची केली. बांबूची ताकद सालीकडच्या अंगात असते, म्हणून धार सालीकडे ठेवायची आणि आतल्या अंगाने तासायचं. उलटं केलं तर धार दोन दिवसांत तुसाळते. तासून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं, उठलेले तंतू वाळले की परत घासायचे, आणि मग तेल. तेलाची निवड मनावर घ्यावी. शेंगदाण्याचं तेल हवेत वाळत नाही, हत्यार कायम बुळबुळीत राहतं. जवसाचं तेल वाळतं. आपल्या भागातल्या करडईचंही हळूहळू वाळतं, चित्रकार तेलरंगात ते वापरतातच. ताईंनी घाण्यावरचं जवस तेल घेतलं, पातळ हात देऊन फडक्याने पुसून काढलं आणि हत्यारं काही दिवस हवेशीर ठेवली. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. उघडं पसरून वाळवावं.

ठसे

वहीतल्या ‘उठाव काढते’ या कामाने मला तेरच्या संग्रहालयात नेलं. तेर म्हणजे प्राचीन तगर, ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथात ज्या बाजारपेठेचं नाव येतं तेच गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळच्या मातीच्या मूर्ती आहेत, काही पांढऱ्या केओलिन मातीच्याही. त्यांच्या केशरचना आणि दागिने इतके बारीक आहेत की एकेक मणी कुणी कोरला असेल असं वाटतं. त्या मूर्ती दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून, दोन्ही अर्ध जोडून केलेल्या आहेत. बारीक काम साच्यात एकदाच झालं आणि मग ते पुन्हा पुन्हा उतरत राहिलं. मी ताईंना तिथे घेऊन गेलो. तेर हे गोरोबाकाकांचं गाव, त्यामुळे समाधीच्या दर्शनाला त्या अनेकदा आल्या होत्या, संग्रहालयात मात्र पहिल्यांदाच. एका मूर्तीच्या मेखलेसमोर त्या बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “हे तर दाबून काढलंय की, सर.”

परत आल्यावर ठसे करायचे ठरले, आणि ते लाकडाचे नाही तर घरच्या मातीचे, भाजून. याची कारणं पक्की होती. भाजलेली माती सच्छिद्र असते, ती ओल्या शाडूतलं पाणी वरच्यावर शोषते आणि ठसा चिकटत नाही. लाकडी किंवा धातूचा ठसा शाडूला चिकटतो, त्याला दरवेळी तेल किंवा राख लावावी लागते, आणि तेलाचा डाग मूर्तीवर रंग धरत नाही. शिवाय भट्टी घरचीच होती. विकत काहीच आणायचं नव्हतं.

मूर्तीवर मणी उठून दिसायला हवा असेल तर ठशात खड्डा हवा. ताईंनी आंबटओल्या मातीच्या बोटभर कांडीच्या टोकाला ज्वारीचे दाणे एका ओळीत दाबले आणि सुईने उचलून काढले. उरले ते सारख्या आकाराचे, सारख्या खोलीचे खड्डे. भाजल्यावर त्या ठशाने शाडूवर उमटली ती मोत्यांची माळ. मुगाच्या दाण्याने बारीक माळ, हरभऱ्याने बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांची. हे मी सुचवलेलं नव्हतं. पुढे मुकुटाच्या किनारीसाठी त्यांनी जुन्या लुगड्याच्या काठाची नक्षी दाभणाने ठशात उलटी कोरली.

आकाराचा हिशेब मात्र करावा लागतो. ठसा वाळताना आणि भाजताना आकसतो. आम्ही मातीची एक चपटी पट्टी करून तिच्यावर बरोबर 10 सेंटिमीटरची रेघ ओढली आणि ठशांबरोबरच भाजली. बाहेर आली तेव्हा रेघ 9 सेंटिमीटरच्या थोडी वर होती. म्हणजे हवा त्याच्यापेक्षा साधारण दहावा हिस्सा मोठा ठसा घडवायचा. प्रत्येक घरच्या मातीचा हा आकडा वेगळा येईल, म्हणून पट्टीची चाचणी प्रत्येकाने आपल्या मातीवर करावी. मिश्रण बदललं तर परत करावी.

भाजताना दोन गोष्टी सांभाळल्या. ठसे बोटापेक्षा जाड केले नाहीत आणि पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबलो, कारण आत ओल राहिली तर वाफेने ते फुटतात. आणि ते एका फुटक्या मडक्यात भरून आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, मधोमध ठेवले, म्हणजे गोवऱ्या-तुराट्यांच्या जाळाचा थेट चटका लागला नाही. वापरता वापरता ठसा पाणी पिऊन तृप्त होतो आणि मग चिकटायला लागतो. त्या वेळी तो उन्हात ठेवून दुसरा घ्यायचा. त्यामुळे नेहमीच्या नक्षीचे दोन ठसे केलेले बरे.

पुढचा हंगाम

श्रावणभर मी मधून मधून जात राहिलो. कोरण्यांच्या तारा फिरल्या नाहीत. एका कोरणीचा दांडा चिरला. ती फांदी घाईत, पुरती न वाळवता घेतलेली होती. आऱ्यांचे फासे काळ्या मातीतल्या खड्यांना पुरून उरले, पट्टीचे फासे मात्र कुणीतरी चुकून बैलावर चालवले तेव्हा वाकले. मग ताईंनी सोपा उपाय काढला: बैलाच्या कोरण्यांना लाल कापडाची चिंधी, गणपतीच्या कोरण्यांना काहीच नाही. लोखंडी पट्टीला रात्रीत गंज चढतो, म्हणून संध्याकाळी हत्यारं धुऊन, पुसून, राखेच्या डब्यात खोचून ठेवायची सवय लावली. कोरडी राख ओल ओढून घेते.

सगळ्यात मोठा फरक ठशांनी पडला. पूर्वी एका मूर्तीच्या दागिन्यांना दुपार जायची आणि दोन मूर्तींचे हार सारखे येत नसत. आता हार आणि बाजूबंद पटकन उमटतात आणि वाचलेला वेळ ताई चेहऱ्याला देतात. गणपतीच्या डोळ्यांत आलेला निवांतपणा मला तरी त्याचाच वाटतो.

कोरड्या मूर्तीला सँडपेपर मारायची सवय त्यांच्याकडे होती, ती बंद करायला लावली. मातीच्या कोरड्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं फुप्फुसात साठते आणि गेलेलं फुप्फुस परत येत नाही. लहान मुलं त्याच ओसरीवर झोपतात. आता त्या आंबटओल्या अवस्थेतच करवंटीने घोटून घेतात आणि उरलेलं ओल्या स्पंजने पुसतात. काम जरा सावकाश होतं, पण यात तडजोड नको असं मी त्यांना निक्षून सांगितलं.

सासूबाईंना आधी या सगळ्यात रस नव्हता. घरातलं थापटणं त्यांच्या सासऱ्यांनी बाभळीचं तासलेलं, ते अजून चालतं, मग हे कशाला, असा त्यांचा रोख. पण संधिवाताने बोटं मिटत नाहीत, हेही त्या बोलून गेल्या. ताईंनी त्यांच्यासाठी दोन बोटं जाड दांड्याची कोरणी बांधली आणि दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर चढवलं. “आत्याबाई, धरून तर बघा.” त्यांनी धरली, बैलाच्या वशिंडाखाली दोन हात ओढले, आणि दांडा थोडा आखूड पाहिजे म्हणाल्या. तो तेव्हाच हॅक्सॉने दोन बोटं कापून दिला.

राहिलेलं काम म्हणजे माप घ्यायचा कॅलिपर. दोन्ही डोळे नाकापासून सारख्या अंतरावर येतात का, हे ताई अजून काडी तोडून बघतात. गाठीच्या पट्टीचे दोन वाकडे तुकडे आणि एक स्क्रू-नट एवढंच त्याला लागतं. पट्टीला भोक पाडताना ती चिरू नये म्हणून खाली लाकूड धरून आधी खिळ्याने खूण ठोकायची, मग ड्रिल लावायचं. मुलाने पट्ट्या कापून ठेवल्या आहेत.